पुलापासून गावापर्यंत

अप्पा,

तुमच्या मागची शिवगणाराधना झाली, मांडव सुटला, पाहुणे आपापल्या गावी गेले. तरी दिवसातून कुणी ना कुणी दारात येतंच. तुमच्या फोटोपुढं हात जोडतात, सासूबाईंजवळ, आमच्या अव्वांजवळ, टेकतात, चहा घेतात. आणि परवापर्यंत कप खाली ठेवताना मान वळवून मला विचारायचे, “म्हाताऱ्याला भर उन्हात पुलावर उतरवून तू तशीच घरी कशी आलीस गं?”

मी कप उचलायचे आणि आत जायचे. उत्तर नाही असं नाही. पण ते दिलं तर तुमची लाज जाते, नाही दिलं तर माझी. हा पेच सुनेच्या पदरात टाकून तुम्ही मोकळे झालात.

मातीच्या दिवशी स्वामी चार शब्द बोलले. म्हणाले, शिवप्पा कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, असा माणूस. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. खरंच आहे ते. कुणाच्या अध्यात-मध्यात येऊ नये म्हणूनच तर तुम्ही गावाबाहेरच्या त्या नळकांडी पुलाशी उतरायचात.

तुमच्याबद्दल वाईट लिहिणं जड जातं, कारण तुमच्याइतकं चांगलं माझ्याशी दुसरं कुणी वागलेलं नाही. हेच तर अवघड आहे. वाईट माणूस गेला असता तर मी दोन दिवस रडले असते आणि धारा काढायला लागले असते.

तुम्हाला माहीत आहे, माझी शाळा सातवीत सुटली. पुढची शाळा हदगावात होती, एसटीचा भरवसा नव्हता, आणि आमचे बापू म्हणायचे की पोरीला सायकल दिली की पोरगी हाताबाहेर जाते. सायकल धाकट्या भावाला आली. तो तिच्यावरून हदगावला जायचा आणि मी दारात उभी राहून बघायचे, मागचं चाक नाल्यापलीकडं जाईपर्यंत. मग लग्न करून मला इकडं दिलं, जिल्ह्याच्या त्या टोकावरून दुसऱ्या जिल्ह्याच्या या टोकाला. माहेर इतकं लांब की आईला ताप आल्याचा निरोप ताप उतरल्यावर यायचा.

इथं आले तेव्हा निम्मं बोलणं कळायचं नाही. वासराला तुम्ही ‘बा, बा’ म्हणून बोलवायचात. मला वाटायचं बापाला हाक मारताय. ते कानडी ‘ये’ आहे हे अव्वांनी सांगितलं. आणि मी ‘काय करून राहिलात?’ म्हटलं की घरातले सगळे तोंडावर पदर आणि हात धरून हसायचे. इथं ‘काय करायलाव’ म्हणतात. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी गोठ्यात मी एकटी रडत शेण भरत होते, तर दारातून तुमचा आवाज आला, “काय करून राहिलीस, नंदा?” तुम्ही ते इतकं वाकडं बोललात की मीच हसले. ते मी विसरलेले नाही. ते विसरता आलं असतं तर आज बरं झालं असतं.

गाडी घ्यायची हे तुमच्याच डोक्यातून निघालं. तुमचे गुडघे गेले आणि सायकलवरून देवणीला दूध पोचवणं बंद झालं. शेजारच्या जीपवाल्याच्या मर्जीवर आठवडाभर काढला, त्यात दोनदा दूध नासलं. बसू, तुमचा लेक आणि माझा नवरा, हैदराबादला गोदामात. तो सणावारापुरता येणार. तुम्ही जेवता जेवता ताटाकडंच बघत म्हणालात, “जुनी मोटरसायकल घेऊ एखादी.”

अव्वा म्हणाल्या, “आन् चालवायचं कोण? तुमी?”

“ही.”

तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. भाकरीचा तुकडा मोडून माझ्याकडं बोट केलंत, जसं काही हे आधीच ठरलेलं होतं. माझ्या हातातला तांब्या पडायचा राहिला. मी मुळातच भित्री. विहिरीत वाकून बघताना मला कुणीतरी मागून धरावं लागतं. पण त्या क्षणी मला नाल्यापलीकडं जाणारं ते सायकलचं चाक दिसलं.

उदगीर रस्त्यावर पत्र्याच्या शेडखाली जुन्या गाड्या ओळीनं लावलेल्या होत्या. तुम्ही आयुष्यात मोटरसायकलच्या हँडलला हात लावला नव्हता, पण बैलबाजारात शिरावं तसं तुम्ही त्या ओळीत शिरलात. मागून बघितलं, पुढून बघितलं, एकीच्या टाकीवर थाप मारली, एकीच्या चाकापाशी बसून वर बघितलं. चकचकीत लाल गाडी होती, दुकानदार पोरगा तिच्याचपाशी उभा होता. तिनं पहिल्या किकला आवाज केला आणि शांत चालू लागली. तुम्हाला ती पटली नाही. “लई गप हाय,” म्हणालात. “आजारी जनावर असं उभं ऱ्हातं.”

मग कोपऱ्यातली ती. टाकी मूळची पांढरी, रंग उडून ठिकठिकाणी काळे ठिपके पडलेले. “ही तर शेवेरा हाय की,” तुम्ही म्हणालात, आपल्या ठिपक्याठिपक्यांच्या देवणी गाईला म्हणतात तसं. पोरानं तिला बऱ्याच किका मारल्या. चालू झाली तेव्हा आख्खी थरथरत होती, आरसा, दिवा, मडगार्ड, सगळं. तुमचा चेहरा उजळला. “हिच्यात जीव हाय.”

आणि भाव करायला तुम्ही खांद्यावरचं उपरणं काढून त्या पोराच्या हातावर टाकलंत आणि खालून त्याची बोटं धरलीत. बैलाचा भाव असाच ठरतो, चारचौघांना कळू नये म्हणून कापडाखाली, बोटांच्या पेरांवर. पोरगा बाहेरगावचा. त्याला काहीच कळेना. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं त्याची दोन बोटं दाबताय आणि तो घाबरून माझ्याकडं बघतोय.

“ताई, बाबांना चक्कर आली का?”

“भाव करून राहिले ते.”

“मग तोंडानं करा म्हणावं की. हात का धरलाय माझा?”

तुम्ही उपरणं झटकून खांद्यावर टाकलंत आणि मागेल तेवढ्याला गाडी घेतलीत, कारण उघड्यावर घासाघीस करायची तुम्हाला लाज वाटली. मला तेव्हा तुमच्यावर माया आली. आज वाटतं, तिथंच मला कळायला हवं होतं. जे कापडाखाली करता येत नाही, ते तुम्ही करत नव्हता.

गाडी आपल्या दोघांनाही चालवता येत नव्हती, म्हणून दुकानाच्या माणसानं ती पुलापर्यंत आणून दिली. तुम्ही त्याला पुढं येऊ दिलं नाही. अव्वांना आरतीचं ताट घेऊन तिथं बोलावलंत, चाकांवर पाणी घातलंत, टाकीला विभूतीची तीन बोटं ओढलीत, नारळ फोडलात. मग आपण तिघांनी ढकलत ती गावात आणली. हॉटेलच्या कट्ट्यावर तुमचे सगळे दोस्त. मन्मथअण्णा, तुमच्या लहानपणापासूनचे, त्यांनी विचारलं, “कुणाची रं गाडी, शिवा?”

“बसूनं घेतली,” तुम्ही म्हणालात.

माझ्या हातात हँडल होतं. दुधाचा पैसा माझ्या दोन गाईंचा होता. मला वाटलं, मोठी माणसं असंच बोलतात.

तिची ओळख व्हायला पावसाळा गेला. पहिले कितीतरी दिवस तुम्ही मला ती चालूच करू दिली नाही. सकाळ-संध्याकाळ नुसती धरून माळावर फिरवायला लावलीत. “आदी तिचं वजन तुला कळू दे, तुझं तिला.” वासराला जू लावायच्या आधी तुम्ही असंच हिंडवायचात. मला राग यायचा, पण खरं सांगते, ती पहिल्यांदा अंगावर कलली तेव्हा मला तिचं वजन ठाऊक होतं, म्हणून मी पडले नाही. गिअर मी शिकले त्या दुकानाच्या माणसानं सांगितलं होतं त्या आठवणीवर: सगळे पुढून दाबायचे, उतरताना टाचेनं. किक अर्ध्यावरून घसरायची आणि पिंढरीला फटका बसायचा. रोज निळी पिंढरी. एक दिवस तुम्ही बघत उभे होतात. म्हणालात, “तू एकदम लाथ घालतीस. वासरू काय करतं? आदी हळू ढुशा देतं. मग गाय पान्हावती. किल्ली न लावता दोन हलक्या मार, मग बघ.”

मारल्या. तिसरीला चालू झाली. आजही तशीच होते, अप्पा. सकाळी किल्ली न लावता दोन हलक्या किका मारते आणि माझ्या तोंडून ‘बा, बा’ निघतं.

आणि तिच्यातला तो जीव. इंजिनखालची रबरं झिजली होती, एवढाच तो जीव होता. पहिल्या आठवड्यात देवणीच्या हॉटेलवाल्यानं कॅन उघडला आणि मला आत बोलावलं. “ताई, दूध द्यायला लागल्या का ताक घुसळून?” वर लोण्याचे गोळे तरंगत होते. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही इतके हसलात की ठसका लागला, आणि अव्वा म्हणाल्या, “बघा, ह्यांनी पारखून आणली.” रबरं बदलली तरी थोडी थरथर राहिलीच. उजव्या बाजूचा एकुलता आरसाही. नट कितीही आवळा, खड्डा आला की तो वर वळतो आणि आभाळ दाखवतो. मागं बसलेले असताना तुम्ही माझ्या खांद्यावरून हात घालून तो सरळ करायचात. न बोलता.

पहिल्यांदा तुम्ही मागं बसून गावात आलात तो दिवस मी विसरत नाही. देवणीहून पेंडीचं पोतं आणलं होतं, ते मधे, मागं तुम्ही. कट्ट्यासमोर आलो तर बोलणं बंद झालं. मग मन्मथअण्णांचा आवाज, “काय शिवा, कासरा सुनंच्या हातात दिलास व्हय?” सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला पाठीवर तुमचं हसणं जाणवलं, पोत्यातून. घरी येऊन तुम्ही जेवलात, झोपलात.

पुढच्या वेळी पुलाशी आलो आणि तुम्ही माझ्या खांद्यावर बोट टेकवलंत. “थांबव. इथनं पाय मोकळे करतो.”

मला वाटलं खरंच. तुम्ही उतरलात, उपरणं झटकलंत, मी पुढं आले. पण मग रोजच पाय मोकळे करणं सुरू झालं. जातानाही तुम्ही आधी निघायचात आणि पुलाच्या कठड्यापाशी उभे राहायचात, जणू कुणाची तरी वाट बघताय आणि मी योगायोगानं तिथून चालले आहे. ज्या गुडघ्यांसाठी गाडी घेतली, तेच गुडघे ओढत तुम्ही रोज गावात यायचात. गुडघ्याचं औषध आणायला मी तुम्हाला त्याच गाडीवर न्यायचे. हे कुणाला सांगितलं तर हसेल. मी हसत नाही.

“अप्पा, डॉक्टरनं चालू नका म्हटलंय.”

“एवढं काय न्हाई.”

“मग गावातून बसून चला की. लोक दोन दिवस बोलतील.”

“तुला न्हाई कळायचं ते.”

“काय नाही कळायचं?”

“तू आलीस पार हदगावाकडनं. हे माजं गाव हाय.”

हे तुम्ही बोललात, अप्पा. रागानं नाही, समजावल्यासारखं. म्हणून ते जास्त लागलं. एवढी वर्षं शेण काढून, धारा काढून, तुमची नातवंडं वाढवून मी पार हदगावाकडचीच राहिले.

आणि लातूर? लायसनसाठी आपण लातूरला गेलो तेव्हा तुम्हाला काय झालं होतं? घरून निघताना तुम्ही पुलावर उभे होतात, पण पुढं सगळ्या वाटेनं बसून आलात. लातुरात शिरल्यावर, सिग्नलला, शेजारच्या गाडीवरच्या अनोळखी माणसाला तुम्ही स्वतःहून म्हणालात, “माजी सून हाय. आमच्याकडं हीच चालवती.” त्या माणसानं विचारलंही नव्हतं. मैदानावर मी आठचा आकडा काढत होते, पाय टेकला की नापास, आणि माझे हात घामानं निसरडे झाले होते. तुम्ही लिंबाखाली इतर लोकांत उभे राहून मोठ्यानं म्हणत होतात, “न्हाई टेकायची. तिला वजन ठाऊक हाय गाडीचं.” मी पाय टेकला नाही. परत निघताना तुम्ही मला भजी खायला घातलीत आणि हॉटेलवाल्यालाही सांगितलंत.

लातुरात तुम्ही माझे सासरे होता. पुलाच्या अलीकडं तुम्ही नुसते बसूचे बाप.

त्याच वाटेवर तुम्ही म्हणालात, “एकदा तुज्या माहेरी जाऊ हिच्यावर. नांदेडात मुक्काम करू, सकाळी हदगाव. तुज्या बापाच्या दारात उतरतो मी, मग बघ त्याचं तोंड.” मी इतकी खूश झाले की विचारलं, “दारापर्यंत बसून याल?” तुम्ही म्हणालात, “यीन की. तिकडं मला कोण वळखतंय?” मी तेव्हा हसले होते. ते वाक्य आता दिवसातून कितीतरी वेळा मनात येतं आणि हसू येत नाही. तरीही जायचं होतं, अप्पा. तसं तर तसं. सुगी झाली की जाऊ, म्हणालात. सुगी झाली. मग लग्नसराई झाली की.

त्या दिवशी आपण भांडलोसुद्धा नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. ऊन असं होतं की डांबर टायरला चिकटत होतं. देवणीतून निघतानाच तुम्ही गप्प होता. मला वाटलं, उन्हानं. पूल आला, आणि तुम्ही बोट टेकवायच्या आत मी गाडी थांबवली. सवयीनं. आता कधी कधी वाटतं, त्या दिवशी तुम्ही बोट टेकवणार नव्हता. पण ही मी माझ्या मनाची घातलेली समजूत असेल. तुम्ही उतरलात, कठड्याला हात धरलात. “व्हय पुढं,” म्हणालात. आरसा आभाळाकडं वळलेला होता. मी निघाले.

घरी कॅन धुतले, गाईला पाणी दाखवलं. अव्वा म्हणाल्या, “हे कुठायत?”

“पाय मोकळे करून राहिले,” मी म्हटलं.

तुम्ही कठड्यावर बसला होता. ताठ, काठी दोन्ही गुडघ्यांमधे, उपरणं डोक्यावर. शेतावरून येणारी माणसं तुम्हाला ‘शरणार्थ अप्पा’ म्हणून पुढं गेली. त्यांना वाटलं ऐकू आलं नाही. मग कुणीतरी जवळ जाऊन हलवलं. मी गाडी काढून पोचले तेव्हा तिथं सात-आठ गडीमाणसं होती आणि मन्मथअण्णा धापा टाकत आले होते. मी म्हटलं, माझ्या मागं बसवा, अण्णा तुम्ही मागून धरा, एवढ्यात देवणीला पोचवते. गाडी चालू होती, मी उतरलेसुद्धा नव्हते.

“असलं बाईच्या गाडीवर न्हाई जमायचं,” कुणीतरी म्हणालं. “जीप यायलीय.”

जीप यायलीय. आपण सगळे तिच्यासाठी उन्हात उभे राहिलो, तुम्ही बसलेले, मी चालू गाडीवर. डॉक्टर नंतर म्हणाले की जीप असो की विमान, काही उपयोग नव्हता. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला आंघोळ घातली, विभूती लावली, फेटा बांधला, हातावर इष्टलिंग ठेवलं आणि मांडी घालून खुर्चीत बसवलं. आपल्या लिंगायतांत निजवून नेत नाहीत. फुलांनी सजवलेल्या त्या खुर्चीत बसून तुम्ही गावातून निघालात, पुढं टाळ-मृदंग, कट्ट्यासमोरून, सगळ्यांदेखत, पाठ ताठ. मी बायकांमधे मागं चालत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं, अखेर बसून चालले. खांद्यावर बसायला यांना लाज नाही वाटली.

शेत पुलापलीकडं. मधे खांदेपालट करायला टेकवतात, विसावा म्हणतात तो. कुणी ठरवलं नाही, पण विसावा पुलावरच झाला. त्याच कठड्यापाशी त्यांनी तुम्हाला खाली टेकवलं. बेलाची पानं वाऱ्यानं उडाली. मला वाटलं, आता तुम्ही बोट वर करून म्हणणार, व्हय पुढं.

समाधीत उतरवलं, माती झाली. घरी आल्यावर बसूनं पहिलं मला तेच विचारलं. “तू कशाला सोडलंस त्यांना तिथं?” तो दमला होता, त्याचा बाप गेला होता. मी म्हटलं, “ते म्हणाले पाय मोकळे करतो.” तो म्हणाला, “ते म्हणतील. तुला कळायला नको?” मग नणंदेनं, मग चुलत जावेनं, मग येणाऱ्याजाणाऱ्यांनी. मी एकदाच तोंड उघडलं असतं, की यांना सुनेच्या मागं बसलेलं दिसायची लाज वाटत होती, तर सगळं मिटलं असतं. पण तुम्ही फोटोत बसला होता आणि तुमच्या कपाळाला ताजी विभूती होती.

आठवड्यानं मन्मथअण्णा केळी घेऊन आले. अव्वा आत होत्या. मी चहा दिला, तर ते कप हातात धरून बसले, पिईनात.

“शिवा गेल्यापासनं कट्ट्यावरचा चहा ग्वाड लागंना,” ते म्हणाले. “तुजी गाडी म्होरनं गेली की आमी हॉटेलवाल्याला सांगायचो, ठेव रं आधण. शिवा पुलावरनं येईस्तवर बरूबर उकळतोय.”

मला आधी कळलंच नाही. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“समद्या गावाला ठाऊक व्हतं की, पोरी. लपतंय व्हय असलं?”

“मग लोक मला विचारतात तेव्हा तुम्ही गप्प का बसता?”

अण्णांनी कपाकडं बघितलं. “मेलेल्या माणसाची लाज काडायची व्हय?”

ऐकलंत, अप्पा? ज्या लोकांपासून लपायला तुम्ही रोज ते गुडघे ओढलेत, त्यांनी तुमच्या चालण्यावर चहाचा वेळ धरला होता. आणि आता तीच माणसं तुमची लाज राखायलीत. माझी राखायला मात्र कुणी नाही, तुम्हीसुद्धा नव्हतात. मी त्या दिवशी गोठ्यात जाऊन गाडीला लाथ मारली. किकला नव्हे, गाडीला. ती कलली आणि मी तिला धरलं. वजन ठाऊक होतं.

अव्वा आतून ऐकत होत्या हे मला माहीत नव्हतं. परवा सकाळी धार काढून आले तर त्या लुगडं नेसून तयार. “डोळ्याला धूसर दिसायलंय. देवणीला दाखवून आण.”

“जीप बघू?”

“जीप कशाला? ती काय शोभंला हाय?”

अव्वा आयुष्यात पहिल्यांदा गाडीवर बसल्या. एका अंगानं, माझ्या कमरेला असा विळखा घालून की मला श्वास घेता येईना. जाताना सगळ्या वाटेनं ‘शिवशिव, हळू गं’. डोळ्याचे थेंब घेतले, परत निघालो. पूल आला आणि माझा हात आपोआप सैल पडला, गाडी हळू झाली.

“का थांबायलीस?”

“अप्पा इथं…”

“मला सांगू नको,” अव्वा म्हणाल्या. “ठाऊक हाय. चल.”

मी पुढं निघाले. कट्टा आला. सगळे होते. मन्मथअण्णा उठून उभे राहिले, बहुतेक न कळत. “काय वयनी, आज गाडीवर?”

अव्वांनी माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणजे थांबव. मी थांबवली. गाडी थरथरत होती आणि तिच्यावर अव्वा थरथरत होत्या.

“मग काय, पुलावरनं चालत यिऊ?” त्या म्हणाल्या. “एक येत व्हता तसा चालत, तुमच्यासाटी. पोचला न्हाई. सुनंला काय विचारतेत लोकं? तुमाला इचारा म्हणावं.” अव्वा सावरून बसल्या. “चल गं. ह्येंचा चहा उतू जाईल.”

एवढंच होतं, अप्पा. एका दमात बोलण्याइतकं. तुमच्या हातात ते रोज होतं आणि तुमच्या शब्दाला अव्वांच्या शब्दापेक्षा गावात जास्त वजन होतं. कासरा सुनेच्या हातात दिलास का, असं त्यांनी विचारलं तेव्हा ‘हो, दिला’ म्हणायचं होतं. ते हसलेच असते, पण नंतर चहा सांगितला असता, आणि तुम्ही बसून आला असतात.

घरी उतरल्यावर अव्वांनी गुडघा चोळला आणि म्हणाल्या, “लई हादरती. काय बघून घेतली ह्येंनी?” मी म्हटलं, “जीव हाय तिच्यात म्हणाले.” मग आम्ही दोघी दारातच बसलो.

परवापासून ते कुणी विचारलं नाही. तुमची लाज गेली आणि माझी राहिली, अव्वांनी तसं ठरवलं. मला त्याचं हायसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मला अजून तुम्हीच ते बोलायला हवे आहात.

सुगी झाली की मी हदगावला जाणार आहे. नांदेडात मावशीकडं मुक्काम, सकाळी पुढं, बापूंच्या दारापर्यंत. भीती वाटते, पण टाकी भरून ठेवीन. आरसा आभाळ दाखवील आणि तो मलाच सरळ करावा लागेल. बापू विचारतील, एवढ्या लांबून एकटी आलीस, सासरे येणार होते ना?

त्यांना मी सगळं सांगणार आहे, अप्पा. तुम्ही मला काय दिलंत तेही, आणि कुठं उतरायचात तेही.